रानटर्कींच्या समूहाला काय म्हणावं? आधी समूहात कोण आहे ते बघा

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातून आला आहे. घरामागच्या ओकच्या झाडीत हिवाळ्यात रोज वीसेक रानटर्की चरायला येतात. मुलगा तिथल्या मराठी शाळेत जातो आणि त्याला या पक्ष्यांवर दहा ओळी लिहायच्या आहेत. टर्कींच्या समूहाला इंग्रजीत ‘राफ्टर’ म्हणतात असं त्यानं वाचलंय. शेजारी ‘फ्लॉक’ म्हणतात. आई म्हणते मराठीत थवा लिही, बाबा म्हणतात कळप. बरोबर कोण?

घाईत असाल तर एवढंच घ्या: इंग्रजीत ‘फ्लॉक’, मराठीत ‘कळप’. राफ्टर आणि थवा हे शब्द चुकीचे नाहीत, पण ते मी का वापरत नाही हे पुढे सांगते.

मी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात बरीच वर्षं पक्षिगणनेचं काम करते आहे. सहलीला येणाऱ्यांना टर्की दाखवते, उन्हाळ्यात लोकांनी पाठवलेल्या नोंदी तपासते. ‘चौदा टर्कींचा समूह दिसला’ अशी नोंद आली की तिचं काय करावं कळत नाही. तीच नोंद ‘तीन माद्या, अकरा पिल्लं’ अशी आली की तिच्यातून त्या भागातला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. टर्कींचा समूह बारा महिने एकसारखा राहत नाही. जानेवारीतले वीस पक्षी आणि ऑगस्टमधले वीस पक्षी यांत आकडा तेवढा सारखा, बाकी सगळं वेगळं. म्हणून या पक्ष्यांबरोबर दिवस काढणारी माणसं, मग ते शिकारी असोत, शेतकरी असोत की वन्यजीव खात्यातले जीवशास्त्रज्ञ, समूहाला एक भारदस्त नाव देत बसत नाहीत. आत कोण आहे त्यावरून त्याला नाव देतात. मुलानेही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

आधी राफ्टरचं बघू. इंग्लंडमधल्या जुन्या खानदानी शिकाऱ्यांना प्रत्येक प्राण्याच्या समूहाला वेगळं नाव द्यायची हौस होती. सिंहांना एक, तित्तिरांना एक, चंडोलांना एक. अशा नावांची सगळ्यात प्रसिद्ध यादी १४८६ साली इंग्लंडमध्ये छापली गेली. तिच्यात टर्की असणं शक्यच नव्हतं. कोलंबस निघाला १४९२ मध्ये, आणि मेक्सिकोतले पाळीव टर्की स्पेनला पोचले ते सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे राफ्टर हा शब्द टर्कीला नंतर चिकटलेला आहे. तो कोठाराच्या आढ्यावर, वाशांवर बसणाऱ्या पाळीव टर्कींवरून आला असं सर्रास सांगितलं जातं, कारण इंग्रजीत वाशालाही राफ्टरच म्हणतात. मला ते पटत नाही. इंग्रजीत ‘राफ्ट’ म्हणजे ढीगभर, पुष्कळ, असाही एक बोलीतला अर्थ आहे, आणि पाण्यावर दाटीने तरंगणाऱ्या बदकांनाही राफ्ट म्हणतात. राफ्टरचं नातं त्याच्याशी जास्त जवळचं वाटतं. शब्दकोशात हा शब्द आहे, प्रश्नमंजूषेत तर हमखास असतो. पण कामाच्या ठिकाणी, शेतावर किंवा जंगलात मी तो कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शाळेच्या निबंधात एक गंमत म्हणून लिहायला हरकत नाही, एवढंच.

शिकाऱ्यांची आणि गावकऱ्यांची भाषा मात्र फार नेमकी आहे. मोठा नर म्हणजे ‘टॉम’ किंवा ‘गॉब्लर’. मादी म्हणजे ‘हेन’. एक वर्षाचा पोरसवदा नर म्हणजे ‘जेक’, त्याच वयाची मादी ‘जेनी’, आणि पिल्लू म्हणजे ‘पोल्ट’. पिल्लांसह असलेल्या मादीच्या समूहाला ‘ब्रूड’ म्हणतात. जेकांच्या समूहाला बरेच जण ‘गँग’ म्हणतात, आणि त्यांचं वागणं पाहिलं की ते नाव का पडलं हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकी सगळ्यांना फ्लॉक.

आता वर्ष कसं जातं ते सांगते. माझ्या मते खरं उत्तर यातच आहे.

हिवाळ्यात टर्की सगळ्यात मोठ्या संख्येने एकत्र दिसतात. खाणं जिथे आहे तिथे सगळे गोळा होतात: ओकची फळं पडलेली झाडी, मक्याची कापलेली शेतं, गोठ्याबाहेर शेणखत पसरलेलं आवार. खोल, भुसभुशीत बर्फात त्यांना चालवत नाही, त्यामुळे थोड्या जागेत दाटी होते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हा एक मोठा कळप. जवळून पाहिलं तर त्यात बहुधा दोन-तीन वेगळे गट असतात. माद्या आणि त्यांच्या त्या वर्षीच्या मुली एकीकडे, मोठे नर दुसरीकडे, आणि जेक आपले तिसरीकडे. एकाच शेतात चरतील, पण संध्याकाळी झाडावर चढताना गट पुन्हा वेगळे होतात. चित्रकार-निसर्गतज्ज्ञ जॉन जेम्स ऑड्युबॉनने १८३१ मध्येच लिहून ठेवलंय की नर दहा ते शंभरच्या टोळ्यांनी माद्यांपासून वेगळे फिरतात, आणि माद्या आपापल्या पिल्लांसह किंवा इतर कुटुंबांबरोबर सत्तर-ऐंशीच्या समूहाने फिरतात. जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही यात बदलण्यासारखं काही नाही.

मार्च संपत आला की हा कळप फुटायला लागतो. पहाटे झाडावरूनच नरांचा तो खळखळाट सुरू होतो, जो कित्येक शेतं ओलांडून ऐकू येतो. नर पिसारा उभारून, पंखांची टोकं जमिनीला घासत, छाती फुगवून मिरवतात. माद्या एकेक करून पाहून जातात. एप्रिलअखेरपासून माद्या दिसेनाशा होतात, कारण प्रत्येक जण एकटीने जमिनीवर, झाडाच्या बुंध्याशी किंवा झुडपाच्या आडोशाला घरटं करते. दहा-बारा अंडी, आणि सुमारे २८ दिवस उबवणं. या दिवसांत कोणी मला ‘कळप दिसला’ असं सांगितलं की मी न बघताच विचारते, नर होते ना? बहुतेक वेळा असतात.

जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात आणि नवा समूह सुरू होतो. पहिले दोन आठवडे पिल्लांना झाडावर उडून बसता येत नाही. रात्री ती जमिनीवर आईच्या पंखाखाली झोपतात, आणि याच काळात कोल्हे, रॅकून, घुबडं, थंड पाऊस यांत निम्म्याहून जास्त जातात. उरलेली पंखांत थोडा जोर आला की आईबरोबर फांदीवर झोपायला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये शेजारच्या दोन-तीन माद्या आपापली पिल्लं घेऊन एकत्र येतात. कधी त्यांच्यात एखादी पिल्लं गमावलेली मादीही असते.

हे दृश्य जवळून कसं असतं ते एकदा सांगायला हवं. गवत कापलेलं शेत, सकाळचं ऊन. एक मादी कडेला मान ताठ करून उभी, अजिबात चरत नाही. दुसरी दुसऱ्या टोकाला तशीच. मधल्या गवतात पिल्लं दिसत नाहीत, फक्त गवताचे शेंडे हलताना दिसतात, कारण पिल्लं टोळ आणि किडे पकडत पुढे सरकत असतात. आईच्या घशातून मधूनमधून एक हलकासा आवाज येतो आणि शेंडे त्या दिशेला वळतात. वरून ससाणा गेला की एक तीक्ष्ण ‘पट्’ असा आवाज, आणि शेतातली सगळी हालचाल थांबते. अशा वेळी पिल्लं मोजायचा प्रयत्न करू नका, आकडा चुकणारच. ती रस्ता किंवा पायवाट ओलांडेपर्यंत थांबा. आधी एक मादी ओलांडते, मग पिल्लांची रांग, मग मागची मादी. तेव्हाच खरा आकडा मिळतो, तोही घाईने मोजलात तर.

हाच आकडा आम्हाला हवा असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये जून ते ऑगस्ट लोकांकडून अशा नोंदी मागवल्या जातात. न्यू यॉर्क राज्यातही ऑगस्टमध्ये हेच चालतं, आणि तिथे हिवाळ्यातल्या कळपांचीही वेगळी गणना होते. एका मादीमागे किती पिल्लं टिकली, यावरून त्या वर्षीची वाढ कळते. इथे एक गोष्ट लोक विसरतात: ज्या माद्यांबरोबर पिल्लं नाहीत त्यांचीही नोंद करायची असते. फक्त लेकुरवाळ्या माद्या मोजल्या तर सगळं छान चाललंय असं वाटत राहील.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिल्लं आईएवढी दिसायला लागतात. कळप उधळला गेला तर तरुण पक्षी हरवल्यासारखी बारीक शीळ घालतात, आणि आई मोठ्याने हाका मारून त्यांना गोळा करते. शरद ऋतूतले शिकारी नेमकं हेच करतात. आधी कळप मुद्दाम उधळायचा, मग झाडाला टेकून बसून ती शीळ वाजवायची. एकत्र राहायची यांची ओढ किती आहे ते यातून कळतं.

आणि मग हिवाळ्याच्या तोंडावर, साधारण सहा-सात महिन्यांचे झाल्यावर, तरुण नर आईचा कळप सोडतात. ते एकेकटे जात नाहीत. एका आईचे जेवढे मुलगे जगले असतील तेवढे सगळे भाऊ मिळून निघतात. टर्कीच्या समूहातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच आहे, त्यामुळे इथे थोडा वेळ थांबते.

टेक्सासच्या वेल्डर वन्यजीव आश्रयस्थानात रॉबर्ट वॉट्स आणि ॲलन स्टोक्स यांनी टर्कींच्या समाजरचनेचा अभ्यास केला आणि तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की हे भाऊ एकमेकांशी जोरदार भांडतात, आणि त्या भांडणातून त्यांच्यात वरचा-खालचा क्रम ठरतो. एकदा तो ठरला की तो सहसा बदलत नाही, आणि मग भाऊ मिळून दुसऱ्या भावांच्या गटाशी भिडतात. हा गट मरेपर्यंत टिकतो. सगळे भाऊ मेले आणि एकच उरला, तरी तो दुसऱ्या गटात जात नाही. मराठीत याला आयता शब्द आहे: भावकी. आपापसात बांधावरून भांडणारी, पण बाहेरचा अंगावर आला की एक होणारी. टर्कीच्या नरांची भावकी अगदी तशीच.

वसंतात दोन-तीन भाऊ एकाच मादीपुढे, एकाच वेळी, पावलाला पाऊल लावून पिसारे उभारून मिरवतात. समागम मात्र त्यातला वरचढ भाऊच करतो. मग बाकीच्यांनी एवढं मिरवायचं कशासाठी? ॲलन क्राकाउर यांनी कॅलिफोर्नियातल्या टर्कींच्या डीएनएवरून याचं उत्तर २००५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं. मदत करणाऱ्या भावाला स्वतःची पिल्लं होत नाहीत, पण भावाच्या साथीने मिरवणाऱ्या वरचढ नराला एकट्या नरापेक्षा सरासरी सहा पिल्लं जास्त होतात. ती पिल्लं मदतनिसाची पुतणी असतात, त्याच्या रक्ताचा अंश त्यांच्यात असतो. हिशेब केला तर एकट्याने नशीब आजमावण्यापेक्षा भावाला मदत करणं फायद्याचं ठरतं. आप्तस्वकीयांसाठी केलेल्या त्यागाचा उत्क्रांतीतला हिशेब प्रत्यक्ष रानात इतका स्वच्छ क्वचितच मांडता आला आहे. म्हणून तीन नर एकत्र मिरवताना दिसले की त्यांना नुसतं ‘फ्लॉक’ म्हणणं मला अपुरं वाटतं.

समूहाचं महत्त्व या पक्ष्याच्या इतिहासातही दिसतं. एके काळी पूर्व अमेरिकेत सगळीकडे असणारे टर्की बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे राज्याराज्यांतून नाहीसे झाले. मॅसॅच्युसेट्समधले शेवटचे १८५१ च्या सुमारास संपले, न्यू जर्सीतलेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गेले. विसाव्या शतकात ते परत आणायचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा अनेक राज्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडले. ते पुन्हा पुन्हा फसले. त्या पक्ष्यांना रानटी आई मिळालेली नव्हती. कुठे झोपायचं, कशाला घाबरायचं, बर्फात कुठे जायचं, हे त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं. ही शिकवण कळपात पिढ्यान्‌पिढ्या चालते, अंड्याबरोबर येत नाही.

मार्ग निघाला तो जाळ्यामुळे. दाणे टाकलेल्या जागी रानटी कळप चरत असताना छोट्या तोफांनी त्यांच्यावर जाळं उडवायचं, असं तंत्र १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलायनात टर्कींसाठी यशस्वी झालं. आता आख्खाच्या आख्खा रानटी गट पकडून नव्या जंगलात सोडता येऊ लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ मध्ये न्यू यॉर्कहून आणलेले ३७ पक्षी बर्कशर डोंगरात सोडले, आज इथे दिसणारे हजारो टर्की त्यांचेच वंशज. प्रश्न विचारणाऱ्यांना हे आवडेल: न्यू जर्सीत १९७७ मध्ये २२ पक्षी सोडले होते. तुमच्या ओकखाली चरणारे वीस पक्षी बहुधा त्यांच्याच वंशातले आहेत. संपूर्ण उत्तर अमेरिकेत आज साठ लाखांच्या आसपास रानटर्की आहेत.

शहरातही ते आले आहेत, आणि तिथे त्यांचं एकमेकांमागे जाणं लोकांना चमत्कारिक वाटतं. २०१७ मध्ये बोस्टनजवळच्या रँडॉल्फ गावात रस्त्यावर मरून पडलेल्या मांजराभोवती टर्की गोल गोल फिरताना कोणीतरी चित्रित केलं, आणि जगभर लोकांनी त्यात अंत्ययात्रेपासून जादूटोण्यापर्यंत सगळं पाहिलं. जाणकारांनी दिलेलं स्पष्टीकरण साधं आहे. संभाव्य धोक्याची सुरक्षित अंतरावरून पाहणी करायची टर्कींना सवय असते, आणि पुढच्याच्या शेपटीमागे जायचीही. पहिला वळत वळत शेवटच्याच्या मागे आला की वर्तुळ पूर्ण होतं आणि थांबायचं कोणी हेच ठरत नाही.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे या पक्ष्याच्या समूहाला परंपरेने नाव नाही, कारण टर्की हिंदुस्थानात आले तेच अपूर्वाईची वस्तू म्हणून, एकदुकटे. त्याची सगळ्यात सुंदर नोंद गोव्याशी जोडलेली आहे. जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याला पाठवलं होतं. तिथे पोर्तुगीजांकडून मिळालेल्या नवलाईच्या वस्तू आणि प्राणी घेऊन तो १६१२ मध्ये परतला. त्यांत एक टर्की नर होता. बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं की असे प्राणी आपण कधी पाहिले नव्हते आणि त्यांची नावंही कोणाला माहीत नव्हती. हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा पसरून नाचतो, आणि त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, कधी पोवळ्यासारखे लाल, कधी कापसासारखे पांढरे, कधी निळे. जहांगिराच्या नजरेला दाद द्यावी लागते, कारण मी आज लोकांना नेमकं हेच दाखवते: डोकं पांढरं-निळं झालं की नर जोशात आहे. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्या नराचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्रात तो एकटा आहे. (पोर्तुगीजमध्ये टर्कीला ‘पेरू’ म्हणतात. हिंदी शब्दकोशांतही हा पक्षी ‘पेरू’ किंवा ‘पीरू’ म्हणून सापडतो. मुलाने तो संदर्भ वाचला तर फळ समजू नये.)

त्यामुळे मराठीत शब्द निवडायचा तर आपल्याच साठ्यातून. व्याकरणाच्या पुस्तकात ‘पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप’ असं आपण सगळ्यांनी पाठ केलंय, आणि आईचं मत तिथूनच आलं असणार. थवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आभाळ येतं: संध्याकाळचे बगळे, पोपट, उजनीवरचे रोहित. टर्कीला उडता येतं, थोड्या अंतरापर्यंत ताशी ८० किलोमीटरच्या वरही जाता येतं, पण त्याचा दिवस पायांवर जातो. तो चालत येतो, चालत चरतो, धोका दिसला तरी शक्यतो पळतच जातो. संध्याकाळी झाडावर चढतानाही सगळे एकदम उठत नाहीत, एकेक जण फडफडत फांदी गाठतो. म्हणून मी बाबांच्या बाजूने, कळप. कुत्रा अंगावर आला आणि वीसच्या वीस एकदम उठले, तर त्या क्षणापुरता खुशाल थवा म्हणा.

पण कळपावरही थांबू नका, कारण मराठीकडे याहून नेमके शब्द आहेत आणि ते या पक्ष्याला चपखल बसतात. पिल्लांसह फिरणारी मादी म्हणजे लेकुरवाळी, आणि तिच्या मागची पिल्लं म्हणजे पिलावळ. राजकारणातल्या भाषणांनी हा शब्द शिवीसारखा करून टाकलाय, पण मूळ अर्थ स्वच्छ आहे आणि टर्कीसाठी तो परत घ्यायला मला आवडतं. पोरसवदा नरांची टोळी. मिरवणाऱ्या मोठ्या नरांची भावकी. हिवाळ्यात शेतात जमलेल्या सगळ्यांचा मिळून कळप. मराठी मंडळींच्या सहलीत मी हेच शब्द वापरते, आणि मुलांना ते एकदा सांगितले की पुरतात.

राहिला प्रश्न तुमच्या ओकखालच्या वीसांचा. ते कोण आहेत हे दुर्बिणीशिवायही बऱ्यापैकी ओळखता येतं. छातीची पिसं बघा. मादीच्या छातीच्या पिसांची टोकं फिकी, मातकट असतात, म्हणून ती एकंदर तपकिरी दिसते. नराच्या पिसांची टोकं काळी, त्यामुळे तो काळाकभिन्न आणि तकतकीत दिसतो. मादीचं डोकं करडं-निळसर आणि बारीक पिसांनी थोडं झाकलेलं, नराचं उघडं, लालसर. छातीतून दाढीसारखा लोंबणारा झुबका नराची खूण मानतात, पण तेवढ्यावर जाऊ नका: शंभरातल्या दहा-वीस माद्यांनाही दाढी असते. जेकाची दाढी आखूड, कधीकधी पिसांत लपलेली, आणि म्हणूनच लोक त्याला मादी समजून बसतात. त्याने शेपूट पसरली की मात्र ओळख पटते, कारण मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब असतात, आणि मोठ्या नराचा पंखा सलग गोल असतो. पक्षी निघून गेल्यावर मुलाला जमिनीवरही शोधायला सांगा. नराची विष्ठा बहुधा लांबट, टोकाला वळलेली, आकड्यासारखी असते, मादीची गोळा होऊन वेटोळी पडलेली. शाळकरी मुलांना ही माहिती कधीच विसरायला होत नाही.

वीसांत बहुतेक तपकिरी निघाले तर लिहा, ‘आमच्या मागे माद्यांचा आणि त्यांच्या मुलींचा कळप येतो’. पाच-सहा काळे आपले वेगळे चरत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहा. खायला मात्र काही टाकू नका, दाणेही नाहीत. माणसाला सरावलेले टर्की माणसालाही आपल्या वरच्या-खालच्या क्रमात धरायला लागतात, आणि वसंतात तीच टोळी टपालवाल्याच्या आणि लहान मुलांच्या मागे लागते, गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब पाहून चोची मारते. तोवर सवय लागलेली असते आणि ती मोडणं कठीण जातं.

एप्रिल-मेमध्ये मुलगा विचारेल की आपले टर्की गेले कुठे. माद्या अंड्यांवर बसल्या आहेत, असं त्याला सांगा, आणि झाडीत शोधायला जाऊ देऊ नका, कारण उबवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत बिथरलेली मादी घरटं सोडून देऊ शकते. जुलैपासून पुन्हा लक्ष ठेवा. त्या रस्ता ओलांडताना दिसल्या तर माद्या किती, पिल्लं किती, आणि पिल्लं आईच्या निम्म्या आकाराची आहेत की लहान, एवढं तारखेसह वहीत लिहून ठेवायला सांगा. ईशान्येकडच्या अनेक राज्यांचे वन्यजीव विभाग उन्हाळ्यात अशा नोंदी मागवतात. तुमच्या राज्याचा विभाग त्या वर्षी मागवत असेल तर मुलाच्या वहीतला आकडा त्यांना पाठवून द्या.